जोडी जमली पाहिजे

मित्रांनो, आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या दारात अजूनही कुठे कुठे बैलजोडी दिसते. नवा बैल विकत घेताना शेतकरी त्या एकट्या बैलाची ताकद पाहून पैसे मोजत नाही. घरी जो बैल आहे, त्याच्या शेजारी हा कसा चालेल, याचा तो आधी विचार करतो. एक बैल दांडगा आणि दुसरा दुबळा असेल, तर गाडी एका बाजूला ओढली जाते. दुबळा बैल थकतो आणि दांडग्या बैलाची ताकदही फुकट जाते.

घरात गाणी ऐकण्याचा जो संच असतो, त्याचेही असेच आहे. त्यात मोबाईल, रेडिओ किंवा सीडी प्लेअर असतो, ॲम्प्लिफायर असतो, तारा असतात आणि स्पीकर असतात. यातील प्रत्येक वस्तू आपल्या जागी चांगली असू शकते. पण त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर आवाज बिघडतो. कधी कधी एखादी वस्तू जळूनही जाते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पण ती मला खरी समजली ती माझ्या भाच्यामुळे.

माझ्या बहिणीचे घर मुकुंदनगरमध्ये आहे. आपल्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण बोलताना आम्ही अजून ‘नगर’च म्हणतो. भाच्याने दहावीची परीक्षा दिली आणि सुट्टीत एका बेकरीत काम करून चार हजार रुपये साठवले. घरी त्याच्या नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक जुना ॲम्प्लिफायर होता. नाना आता या जगात नाहीत. त्यांच्या आवाजाची एक कॅसेट मात्र आम्ही जपून ठेवली होती. १९७२ च्या दुष्काळात ते तरुण होते. तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी एकदा टेपरेकॉर्डरसमोर बसून सांगितल्या होत्या. भाच्याने ती कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून घेतली. मोठ्या बहिणीच्या मेहंदीला सारे पाहुणे जमतील, तेव्हा नानांचा आवाज सर्वांना ऐकवायचा, असे त्याने मनाशी ठरवले.

बाजारातून त्याने मोटारीत लावायचे चार स्पीकर आणले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत ‘३०० वॅट’ असे छापले होते. त्याखाली बारीक अक्षरांत ‘४ ओहम’ असेही होते. ॲम्प्लिफायरच्या मागे, जिथे स्पीकरच्या तारा जोडतात, तिथेही बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘८ ओहम’. ही बारीक अक्षरे कोणीच वाचली नाहीत. भाच्याने दोन स्पीकर डाव्या बाजूला जोडले आणि दोन उजव्या बाजूला.

संध्याकाळी गाणी सुरू झाली. आवाज मोठा होता, पण फाटका होता. अर्ध्या तासात ॲम्प्लिफायरचे झाकण हात ठेववणार नाही इतके तापले. आता नानांचा आवाज लावायचा, एवढ्यात जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि सारे शांत झाले. माझी अम्मी अगदी पुढे बसली होती. ती म्हणाली, “राहू दे बेटा, पुन्हा कधी ऐकू.” पण भाच्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, “मामू, मी तर सगळ्यात जोरदार स्पीकर आणले होते. मग चुकले कुठे?”

हाच प्रश्न आज आपण सोडवू या.

आधी स्पीकर आवाज कसा काढतो, ते पाहू. एखादा जुना, टाकून दिलेला स्पीकर मिळाला तर तो हातात घ्या. समोर कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू दिसेल. शंकूच्या मागच्या टोकाला बारीक तारेचे एक वेटोळे चिकटवलेले असते. त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. हे वेटोळे एका लोहचुंबकाच्या फटीत मोकळे बसलेले असते. तारेतून वीज वाहू लागली की वेटोळे स्वतःच चुंबक बनते. विजेची दिशा बदलेल तसे ते कधी पुढे सरकते, तर कधी मागे. त्याच्याबरोबर शंकू हलतो, शंकू हवेला ढकलतो आणि हवेची ती कंपने आपल्या कानापर्यंत येतात. अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी अशा स्पीकरची माहिती १९२५ साली प्रसिद्ध केली. त्याला शंभर वर्षे झाली, तरी आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

मोबाईलमधून तारेवाटे बाहेर येणारी वीज फार क्षीण असते. मोठा शंकू हलवण्याइतका जोर तिच्यात नसतो. तो जोर देण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. म्हणून संचातील मुख्य जोडी कोणती, तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची. ही जोडी जुळते की नाही, हे तीन आकड्यांवरून कळते. ते आकडे म्हणजे ओहम, वॅट आणि डेसिबल. उर्दूतला ‘हिसाब’ मराठीत ‘हिशेब’ होतो. आपणही या तीन आकड्यांचा थोडा हिशेब करू.

पहिला आकडा ओहमचा. विजेच्या प्रवाहाला जो विरोध होतो, त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. ज्यांच्या नावावरून हे एकक आले, ते जर्मनीतील गेओर्ग ओहम शाळेत शिकवत असत. कोलोन शहरात शिक्षक असताना त्यांनी विजेचे प्रयोग केले आणि १८२७ साली आपला नियम पुस्तकात मांडला. तुम्ही तो विज्ञानाच्या तासाला शिकता. व्होल्टच्या आकड्याला ओहमच्या आकड्याने भागले, की विजेचा प्रवाह किती अँपिअर आहे ते कळते.

समजा, आपला ॲम्प्लिफायर ८ व्होल्ट देत आहे. त्याला ८ ओहमचा स्पीकर जोडला, तर प्रवाह १ अँपिअर होईल. ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर प्रवाह २ अँपिअर होईल. आता ४ ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले, म्हणजे दोघांच्याही तारा ॲम्प्लिफायरच्या त्याच दोन टोकांना लावल्या, तर काय होईल? विजेला जायला दोन वाटा मिळतील. पाण्याच्या टाकीला एका तोटीऐवजी दोन तोट्या लावल्या तर पाणी दुप्पट वाहते, तसेच हे. दोन्ही मिळून रोध २ ओहम उरेल आणि प्रवाह ४ अँपिअर होईल.

भाच्याने नेमके हेच केले होते. जो ॲम्प्लिफायर १ अँपिअरसाठी बनवला आहे, त्याच्याकडून तो ४ अँपिअर मागत होता. ओहम कमी म्हणजे ॲम्प्लिफायरवरचे ओझे कमी, असे आपल्याला वाटते. खरे तर ओहम जितके कमी, तितके ओझे जास्त. म्हणून ॲम्प्लिफायरवर जो आकडा लिहिला आहे, त्यापेक्षा कमी ओहमचे स्पीकर त्याला कधीही जोडू नयेत. जास्त ओहमचे जोडले तर आवाज थोडा लहान येईल, पण धोका नसतो.

मग मोटारीतले स्पीकर ४ ओहमचे का असतात? मोटारीच्या बॅटरीत फक्त १२ व्होल्ट असतात. एवढ्या थोड्या व्होल्टमधून पुरेसा जोर मिळवायचा, तर रोध कमी ठेवावा लागतो. मोटारीतला ॲम्प्लिफायर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. म्हणजे ते स्पीकर वाईट नव्हते. ते दुसऱ्या जोडीदारासाठी होते.

दुसरा आकडा वॅटचा. याच आकड्याने भाच्याला भुलवले. स्पीकरवर ‘३०० वॅट’ लिहिले असेल, तर तो ३०० वॅटचा आवाज काढतो, असे मुळीच नाही. तो किती वॅट सहन करू शकतो, हे त्यावरून कळते. घागर मोठी आहे म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. वॅट देतो तो ॲम्प्लिफायर. आमचा जुना ॲम्प्लिफायर प्रत्येक बाजूला २० वॅट देणारा होता.

हा आकडा वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. १९९० च्या सुमारास लहानशा टेपरेकॉर्डरवरही हजार-दोन हजार वॅटचे आकडे छापत असत आणि पुढे ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे असत. हा क्षणभराचा, कागदावरचा जोर. तो मोजण्याची सर्वांनी मान्य केलेली एकच रीत नव्हती. सतत टिकणारा जोर सांगायचा असेल, तर आकड्यापुढे ‘आरएमएस’ असे लिहितात. खरेदी करताना हाच आकडा विचारावा.

आकडा खरा की खोटा, हे तुम्ही स्वतःही तपासू शकता. समजा, एखाद्या लहान स्पीकरच्या खोक्यावर ‘२०० वॅट’ छापले आहे. त्याचा ॲडॅप्टर उलटा करून पाहा. त्यावर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ असे लिहिले असेल, तर दोन्हींचा गुणाकार करा. १२ गुणिले २ म्हणजे २४. ॲडॅप्टरमधून फक्त २४ वॅट आत जात असतील, तर सतत २०० वॅट बाहेर कुठून येणार? आपल्याकडे म्हणच आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोणी म्हणेल, “लहान ॲम्प्लिफायरला मोठा स्पीकर लावला तर निदान स्पीकर तरी सुरक्षित राहील.” तेही नेहमी खरे नसते. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. आवाजाची लाट कागदावर काढली, तर तिलाही अशीच शिखरे आणि दऱ्या दिसतात. ॲम्प्लिफायरचा आवाज त्याच्या ताकदीपलीकडे वाढवला, की ही शिखरे त्याला पेलत नाहीत. ती वरून कापली जातात. कळसूबाईचे टोक कापून तिथे सपाट पठार करावे, तसे लाटेचे होते. आपल्या कानाला तो आवाज फाटका लागतो. कापलेल्या लाटेत मुळात नसलेली अनेक बारीक, तीक्ष्ण कंपने तयार होतात. ती उंच स्वरांच्या लहान स्पीकरकडे, म्हणजे ट्विटरकडे जातात. ट्विटरची तार केसासारखी बारीक असते. ती तापते आणि जळते. म्हणून आवाज फाटू लागला, की लगेच बटण मागे फिरवावे. ॲम्प्लिफायरचे आरएमएस वॅट आणि स्पीकरला सतत सोसणारे वॅट साधारण सारखे असावेत, हा सोपा नियम लक्षात ठेवा.

तिसरा आकडा डेसिबलचा. हे नाव टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून आले आहे. स्पीकरला १ वॅट वीज दिली आणि १ मीटर अंतरावरून आवाज मोजला, तर तो किती डेसिबल भरतो, हे चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. या आकड्याकडे फार थोड्या लोकांचे लक्ष जाते. पण मोठा आवाज हवा असेल, तर खरे उत्तर इथे आहे.

एक नियम पाहा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा, तर वॅट दुप्पट करावे लागतात. आता एक स्पीकर ८४ डेसिबलचा आणि दुसरा ९० डेसिबलचा घ्या. दोघांत ६ डेसिबलचे अंतर आहे. ६ म्हणजे ३ दोनदा. म्हणून पहिल्या स्पीकरला दुप्पटीची दुप्पट, म्हणजे चौपट वॅट लागतील. ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतील. ज्याच्याकडे लहान ॲम्प्लिफायर आहे, त्याने जास्त डेसिबलचा स्पीकर निवडावा. नवा ॲम्प्लिफायर घेण्याचा खर्च वाचेल.

आता तारांकडे वळू. तार ही जोडीतली तिसरी सोबतीण. तारेलाही थोडा रोध असतो. स्पीकर १० मीटर दूर ठेवला, तर वीज जाऊन परत येण्यासाठी २० मीटर तांब्याची तार लागते. ती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर सुमारे सातवा हिस्सा वीज वाटेतच खर्च होते. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध ०.२३ ओहमवर येतो. म्हणून तार जितकी लांब, तितकी ती जाड हवी. त्यापलीकडे महागड्या तारेवर पैसे घालण्याची घरात गरज नसते.

तारा जोडताना रंग पाहा. लाल टोक लाल टोकाला आणि काळे काळ्याला लावा. एका स्पीकरचे रंग उलटे झाले, तर एक शंकू हवा पुढे ढकलतो त्याच वेळी दुसरा ती मागे ओढतो. दोघे एकमेकांचे काम पुसून टाकतात आणि तबल्याचा, ढोलकीचा जाड आवाज नाहीसा होतो. जोडीतले दोघे विरुद्ध दिशांना चालले तर काय होते, ते इथे कानांनी ऐकू येते. सुट्या स्पीकरवर रंग नसतील, तर दीड व्होल्टचा एक सेल घ्या. त्याची दोन टोके स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला, तर सेलचे धन टोक जिथे टेकले आहे, ती स्पीकरची लाल बाजू. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नका.

मोबाईल आणि ॲम्प्लिफायर यांचीही जोडी नीट लावावी लागते. मोबाईलची तार ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी लावावी. ‘माइक’ लिहिलेली जागा त्याहून कितीतरी क्षीण विजेसाठी असते. तिथे मोबाईल लावला, तर आवाज सुरुवातीलाच फाटतो आणि मग चांगले स्पीकरही काही करू शकत नाहीत.

इथवर विजेची जोडी झाली. आता हवेची जोडी पाहू. सुटा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला, तर त्याचा आवाज पत्र्यासारखा लागतो. शंकू पुढे हवा दाबतो, तेव्हा मागे ती विरळ होते. पुढची आणि मागची हवा कडेने एकमेकींत मिसळते आणि जाड आवाज तिथेच संपतो. मागची हवा अडवण्यासाठी स्पीकरला पेटी लागते. आपल्याकडे पूर्वी काही लोक स्पीकर मातीच्या माठाच्या तोंडावर उपडा बसवत. माठाने मागची हवा अडवली जाई आणि आवाज भरदार येई. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा फार पारखून घेतात. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. पूर्वी हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत ही वाद्ये घडवण्याचा हुन्नर वाढवला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर सांगेल, की तारा कितीही चांगल्या असल्या, तरी भोपळा जुळला नाही तर तंबोरा बोलत नाही. स्पीकरच्या पेटीचेही तसेच आहे.

पेटीनंतर येते खोली. ती विकत आणायची नसते, म्हणून आपण तिला विसरतो. अमर बोस हे भारतीय वंशाचे अभियंते अमेरिकेत जन्मले. त्यांचे वडील बंगालमधून तिकडे गेले होते. विद्यार्थी असताना, १९५६ साली, अमर बोस यांनी आकडे पाहून एक उत्तम संच विकत आणला. घरी तो वाजवला आणि त्यांची निराशा झाली. कागदावर सारे आकडे चांगले होते, पण खऱ्या वाद्यासारखा आवाज येत नव्हता. याचे कारण शोधताना त्यांनी एका गोष्टीवर भर दिला. सभागृहात बसलेल्या माणसाच्या कानावर येणारा बराचसा आवाज भिंतींवरून आणि छतावरून परत फिरून आलेला असतो. पुढे १९६४ साली त्यांनी स्पीकर बनवणारी कंपनी काढली.

भिंती आवाजाचे काय करू शकतात, हे पाहायचे असेल तर विजापूरला जा. आपल्या नगरची लेक चांदबिबी त्याच विजापूरची सून झाली. तिथे १६५६ साली पुरा झालेला मुहम्मद आदिलशाहचा गोल घुमट आहे. त्याच्या आतल्या सज्जात एका टोकाला हळू कुजबुजले, तरी समोरच्या टोकाला ऐकू येते. टाळी वाजवली तर तिचे प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येतात. घुमटासाठी ती शोभा आहे. घरात मात्र असे झाले, तर एकही शब्द नीट कळणार नाही. आपल्या घरांत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे किंवा स्लॅबचे छत असते. त्यांवरून आवाज चेंडूसारखा उसळतो. खाली सतरंजी, दाराला जाड पडदा, भिंतीशी गादी किंवा गोधड्यांची चळत असली, तर तो आवाज शोषला जातो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर जाड आवाज वाढतो आणि शब्द त्यात बुडतात. तो भिंतीपासून थोडा पुढे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. याला काहीच खर्च येत नाही.

आता पुन्हा भाच्याकडे येऊ. मी त्याला घेऊन बाजारातील एका जुन्या दुरुस्ती दुकानात गेलो. तिथल्या काकांनी ॲम्प्लिफायर उघडला आणि आतला काळा पडलेला भाग दाखवला. मग त्यांनी स्पीकर हातात घेतले.

“बाळ, हे स्पीकर कसे जोडले होतेस?”

“काका, दोघांच्या तारा एकाच ठिकाणी लावल्या होत्या.”

“मग आता एकामागे एक जोड. विजेला पहिल्यातून जाऊ दे, मग दुसऱ्यातून. चार अधिक चार किती?”

“आठ!” भाचा म्हणाला आणि माझ्याकडे पाहू लागला.

नवे स्पीकर घ्यावे लागले नाहीत. जळालेला भाग बदलला. प्लायवूडच्या दोन पेट्या बनवून प्रत्येकीत दोन स्पीकर बसवले आणि ते एकामागे एक जोडले. प्रत्येक बाजूला बरोबर ८ ओहम झाले. वस्तू त्याच होत्या. फक्त जोडणी बदलली होती. इथे एक सूचना देतो. स्पीकरच्या तारा तुम्ही ॲम्प्लिफायर बंद करून, त्याचा प्लग काढून जोडू शकता. पण त्याचे झाकण स्वतः उघडू नका. आत २३० व्होल्टची वीज येते आणि प्लग काढल्यावरही काही भागांत ती साठून राहते. ते काम जाणत्या माणसाचे आहे.

रविवारी दुपारी आम्ही सारे बहिणीच्या घरी जमलो. पाहुणे नव्हते, घरचीच माणसे होती. भाच्याने आधी खाली सतरंजी अंथरली, स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले आणि मोबाईलची तार जागेवर लावली. नानांचा आवाज आला. कॅसेट जुनी असल्यामुळे मागे थोडी खरखर होती. ती कोणत्याही स्पीकरने जात नाही. पण नाना कामावरच्या मुकादमाबद्दल, संध्याकाळी मिळणाऱ्या सुकडीबद्दल आणि हाताला आलेल्या फोडांबद्दल सांगत होते, ते सारे स्पष्ट ऐकू आले. अम्मीला अलीकडे कमी ऐकू येते. म्हणून भाचा आवाज वाढवू लागला. तिने हातानेच त्याला थांबवले. ती म्हणाली, “वाढवू नकोस. शब्द कळताहेत.”

मित्रांनो, आवाज मोठा असण्यापेक्षा तो स्वच्छ असणे महत्त्वाचे, हे लक्षात असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री म्हणजे १० ते सकाळी ६. जुळलेल्या संचाला एवढी मर्यादा जाचत नाही, आणि शेजारीही सुखाने झोपतात.

आज घरी गेलात की तुमच्या संचाची मागची बाजू पाहा. ॲम्प्लिफायरवरचे आणि स्पीकरवरचे आकडे वहीत लिहून घ्या आणि त्यांची जोडी जमते का, ते ठरवा. आणि हे एक गणित सोडवा. तुमच्याकडे ८ ओहमचे चार स्पीकर आहेत आणि ते सर्व ॲम्प्लिफायरच्या एकाच बाजूला जोडायचे आहेत. एकूण रोध पुन्हा ८ ओहमच भरला पाहिजे. तारा कशा जोडाल? आकृती काढा आणि उद्या वर्गात दाखवा.